गळक्या डब्याची रेघ

आमच्या शहरात रस्त्यावरच्या रेघेला कुणी भीक घालत नाही. हे माझ्या तोंडून ऐकताय तर खरंच माना, कारण त्या रेघा मीच मारते. पायी जाणाऱ्यांसाठी पट्टे आखावेत, तर रंग वाळायच्या आत त्यावर ट्रक उभा. 'हळू' असं लिहावं, तर नेमकं त्याच अक्षरांवर लोकांना घाई आठवते. सायकलचं चित्र काढावं, तर दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी जुना सोफा विकायला मांडलेला. मी भांडले, ओरडले, एकदा तर एका गाडीवाल्याच्या बुटाला मुद्दाम रंग लावला. पण पालथ्या घड्यावर पाणी.

रस्ते आखणाऱ्या टोळीची मी मुकादम. टोळीत दोरीला खडू फासून सूत मारणारे काका आहेत, रेघ चमकावी म्हणून ओल्या रंगावर काचेचे बारीक मणी उधळणारी त्यांची सून आहे आणि आमचे हे आहेत. कामावर हे माझ्या हाताखाली असतात. घरी अर्थात तसं नाही. घरी जरा जास्तच हाताखाली असतात.

ह्यांचं काम उशिरा होतं, पण नीट होतं. रंगाचा एक थेंब वाया गेला तरी ह्यांना जेवण जात नाही. त्यासाठी ह्यांनी स्वतःची एक युक्ती काढलीय. डब्याच्या झाकणाला कडेशी खिळ्याने भोक पाडायचं, त्यात लाकडाचं बूच बसवायचं. झाकण उघडायला नको, बूच काढलं की रंग बारीक धारेने हवा तेवढाच ओतता येतो. टोळीत सगळे आता तसंच करतात. मीही करते, फक्त कौतुक करत नाही.

त्या दिवशी आमच्या भागातल्या मोठ्या रस्त्यावर सायकलींचा पट्टा आखायला सुरुवात होणार होती. पेपरात बातमी आली होती. खांबांवर सायकलचं चित्र असलेल्या निळ्या गोल पाट्या आठवडाभर आधीच लागल्या होत्या, आणि पाटीखाली बघावं तर पट्ट्याचा पत्ताच नाही. लोक हसत होते. घोड्याच्या आधी लगाम आणला म्हणत होते. हा रस्ता आमच्या गोदामापासून निघतो, आमच्या घरावरून जातो आणि पाच रस्त्यांच्या चौकात येऊन मिळतो.

त्या चौकाची मला भीती वाटते. तिथे मी जितक्या वेळा रंग घेऊन बसलेय, त्यातल्या निम्म्या वेळा माझ्याआधी कुणीतरी तिथे वाळू टाकून गेलेलं असायचं. काहीतरी सांडलेलं झाकायला वाळू टाकतात. मग आमचे साहेब म्हणायचे, रेघा पुसट झाल्यात, पुन्हा मारा. मी मारायची. वाळूचे कण ब्रशला लागायचे.

आणि माझ्या लेकीला, ठमीला, त्याच चौकातून सायकलने जायचं होतं. ती चष्म्याची भिंगं घासायचं शिकते. तिचं शिक्षणाचं ठिकाण चौकापलीकडच्या गल्लीत. बसने जायचं तर मध्ये बस बदलावी लागते, आणि दुसरी बस आपल्या मर्जीने येते. तिचे शिकवणारे वेळेचे फार कडक. आता आणखी एकदा उशीर झाला तर तुझी जागा दुसऱ्याला देईन, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. तिच्या मामाने त्याची सायकल तिला दिली होती, ती घासूनपुसून दारात उभी होती, आणि घरात रोज तोच वाद.

शेवटी मी म्हटलं होतं, "चौकातून पट्टा आखला की जा. मी स्वतः आखेन, मग जा. तोवर सायकलचं नाव काढायचं नाही."

"नक्की ना?"

"मी आखलेल्यावरून गेलीस तर एक शब्द बोलणार नाही."

त्या सकाळी मी, काका आणि त्यांची सून चौकात येऊन उभे होतो. आमचा ट्रक गॅरेजात होता. रंग गोदामात. ह्यांनी फोनवर सांगितलं की काळजी करू नको, मी डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणतो. मी काळजी केली नाही, इथेच चुकलं.

हे आले ते अगदी हसत आले. एरवी ज्या चढावर उतरून चालतात, तो चढ बसल्या बसल्या चढून आले. चौक मोकळा होता म्हणून समोरच्या रस्त्याच्या तोंडापासून तिरपे निघून थेट आमच्यापाशी. डबा कॅरिअरवर आडवा बांधलेला. बूच कुठेच नव्हतं.

मी डबा उचलला. रिकामा. मी ह्यांच्याकडे बघितलं, मग ह्यांच्या मागे बघितलं. भर चौकातून तिरपी, बोटभर जाड, पांढरी शुभ्र रेघ आली होती आणि मागे रस्त्याने दूरपर्यंत, वळणावर दिसेनाशी होईस्तोवर गेली होती.

"अहो, डबा हलका होत चाललाय हे कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं ना," हे म्हणाले. "मला वाटलं, आज माझ्यातच दम आलाय."

काकांची सून तोंडाला पदर लावून मागे फिरली. मी ह्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मला वाटलं, आली आता पाळी. तर साहेब खूश.

"बाई, शाबास! लोकांचे फोन येताहेत. इतक्या सकाळी पट्टा सुरूसुद्धा केलात!"

"साहेब, पट्टा नाही तो. डबा गळलाय."

 साहेब एकदम बारीक आवाजात म्हणाले, "पुसा. गर्दीच्या आधी पुसा."

आमचा रंग पाच मिनिटांत वाळतो, त्याची आम्हाला शेखी. वाळला की तो पुसता येत नाही, वर काळा लावावा लागतो. काळा रंग आमच्याकडे नव्हता. रस्ता अडवायचे शंकू ट्रकमध्ये, ट्रक गॅरेजात. रस्त्याने थोडं मागे गेलं की चहाच्या टपरीजवळ हार्डवेअरचं दुकान आहे, तिथून काळा आणायचा आणि आधी चौक झाकायचा असं मी ठरवलं. काकांच्या हातात लाल झेंडा दिला आणि सांगितलं, या तिरप्या रेघेवर कुणाला येऊ देऊ नका.

"बस मागे," हे सायकल पुढे करत म्हणाले.

"मुकादम कॅरिअरवर बसून जाणार? लोकांना काय, फुकटचा तमाशा." मी चालायला लागले. हे सायकल हातात धरून माझ्यामागून.

पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. समोरून एक सायकल आली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. सकाळी सायकली येतातच. पण आमच्या रस्त्यावर सायकली कशा येतात, तर अंगणात दाणे टाकल्यावर कोंबड्या येतात तशा, चहूकडून आणि एकमेकींच्या अंगावर. या मात्र एकीमागे एक येत होत्या. गळ्यात हत्याराची पिशवी अडकवलेला नळदुरुस्तीवाला. नातवाला पुढच्या दांडीवर बसवलेले आजोबा. दवाखान्यातली परिचारिका, तिचा पांढरा कोट कॅरिअरला घडी करून लावलेला. सगळे ह्यांच्या रेघेवरून, चाक रेघेला लागून, जशी काही ती रेघ नसून कठडा आहे.

आणि गाड्या पलीकडे होत्या. मी थांबून नीट बघितलं. मोटारी, ट्रक, डिलिव्हरीच्या गाड्या, सगळ्या त्या बोटभर रेघेपासून हातभर लांबून जात होत्या. सोफेवाल्याने सोफा ओढून भिंतीला लावला होता. एकाची मोटार रेघेवर उभी राहिली होती, तर मागचा भोंगा वाजवून त्याला म्हणत होता, "दिसत नाही का? पट्टा आहे तो!"

इतकी वर्षं मी या रस्त्यावर हातभर रुंद, सूत मारून सरळ केलेल्या, मणी घातलेल्या चकचकीत रेघा ओढल्या. त्यांच्यावर लोक थुंकले. आणि ह्यांच्या गळक्या डब्याच्या शेपटाला लोक मान देत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

ह्यांनी नेहमीसारखी सायकल जपून चालवली होती, त्यामुळे रेघही तशीच आलेली. गटाराच्या जाळीपाशी ती बाजूला वळत होती. त्या जाळीच्या फटी रस्त्याच्याच दिशेने आहेत, सायकलचं चाक त्यात बरोबर अडकतं. पुढे एक निळी पाटीच पट्ट्याच्या जागी मधोमध रोवलेली होती, सायकलवाल्यांना रस्ता दाखवणारी पाटी सायकलवाल्यांच्याच नाकावर. रेघ तिलाही वळसा घालून जात होती. खड्डा आला की वळसा, खडी आली की वळसा. प्रत्येक ठिकाणी माणसं त्या रेघेसारखीच वळत होती, न बोलता, न थांबता. त्यातले कितीजण तर खड्ड्याकडे बघतही नव्हते. रेघ वळली म्हणून ते वळत होते.

टपरीपाशी मात्र मला हसू फुटलं. रेघ रस्ता सोडून सरळ टपरीच्या फळीपर्यंत गेली होती. तिथे पांढऱ्या रंगाचं थाळीएवढं थारोळं, आणि तिथून रेघ परत रस्त्यावर. आणि प्रत्येक सायकलवाला इमानेइतबारे टपरीपर्यंत जात होता, फळीला जवळजवळ टेकत होता आणि वळून परत रस्त्याला लागत होता. काहीजण आता आलोच आहोत तर म्हणून उतरून चहा घेत होते.

"तुम्ही इथे थांबला होता," मी ह्यांना म्हटलं.

"अर्धाच घेतला," हे म्हणाले.

टपरीवाला धावत आला. "वहिनी, इतक्या वर्षांनी सरकारला आमची आठवण झाली! एवढं वळण तेवढं पक्कं करा हं."

मी हार्डवेअरच्या दुकानात काळा रंग मागितला. दुकानदार आत शोधायला गेला आणि माझा फोन वाजला. ठमी. सायकलच्या घंटीसारखा खणखणीत आवाज.

"आई, तू खरंच पट्टा आखलास की! दारावरून गेलाय. किती लवकर उठलीस गं. मी निघाले. आज बसला सुट्टीच देते. फोन पिशवीत टाकतेय, चालवताना घ्यायचा नाही असं तूच सांगितलंयस."

"ठमे, थांब, ऐक, तो मी नाही..."

फोन बंद झाला होता.

मी परत लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पिशवीत वाजत असणार, आणि आईचं ऐकणारी माझी गुणी पोर तो घेत नसणार. एरवी कधी ऐकते!  मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना काही सांगायला लागलं नाही, ह्यांचाही चेहरा उतरला होता.

ती रेघ चौकात तिरपी जात होती. मोकळ्या चौकातून, झोपेतल्या शहरातून गेलेल्या माणसाची रेघ. आणि माझी पोर ती मी आखलीय असं समजून भर गर्दीच्या वेळी तिच्यावरून जाणार होती. मीच म्हटलं होतं, मी आखलेल्यावरून जा.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ती इथूनच जाणार, इथेच अडवायची. सायकली येत होत्या, मी प्रत्येक चेहरा बघत होते. आणि नेमकी त्याच वेळी बस येऊन माझ्यासमोर थांब्यावर उभी राहिली. तिच्यातून माणसं उतरायला लागली, संपेचनात. मी बसच्या पुढून जायला धावले, मागून जायला धावले. सायकली बसला बाहेरून वळसा घालत होत्या, बसच्या खालून त्यांची चाकं दिसत होती, एकामागून एक फिरत चाललेली. बस हलली तेव्हा पुढे लांबवर ठमीची पिवळी पिशवी दिसली. मी अशी ओरडले की टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. तिला ऐकू गेलं नाही.

"बस मागे," हे म्हणाले.

मी बसले. लोक काय म्हणतील, हे त्या वेळी मनातही आलं नाही.

हे कधी नव्हे ते उभं राहून पॅडल मारत होते. मी ह्यांच्या शर्टाला धरून बाजूने पुढे बघत होते. डोळे पिवळी पिशवी शोधत होते, तरीही त्या दिवशी मी जे बघितलं ते खोटं कसं म्हणू? मला सायकल येत नाही. रस्ता मी नेहमी बघितला तो वाकून किंवा उकिडवं बसून, नाकापासून वीतभर अंतरावर. रस्त्यावर सायकलचं चित्र काढताना साचा लांबच लांब असतो, ताणलेल्या कणकेसारखा. चाकं लंबगोल, दांडी वाढलेली. मी कितीदा म्हटलं असेल, कसली ही वेडीविद्री सायकल. काका म्हणायचे, लांबून बघणाऱ्याला ती बरोबर दिसते. मी मान डोलवायची आणि विश्वास ठेवायची नाही.

आता समोरून माझंच जुनं चित्र येत होतं. ते जवळ येता येता उभं राहिलं. चाकं गोल झाली. दांडी सरळ झाली. रस्त्याच्या डांबरातून एक पूर्ण, नीट, कुणीही बसून जावी अशी सायकल उठून उभी राहिली, आमच्या चाकाखाली आली आणि गेली. मग पुढचा बाण उठला. मग 'हळू' उठलं. सगळं सांगत होतं, इकडून ये, इथे जप. इतकी वर्षं मी रस्त्यावर रंग लावतेय असं मला वाटत होतं. मी माणसांशी बोलत होते, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

"दिसतेय का?" ह्यांनी धापा टाकत विचारलं.

"दिसतेय. आणखी जोरात."

चौकाच्या तोंडाशी सिग्नल लाल होता. सायकलींची रांग थांबलेली, आणि पिवळी पिशवी सगळ्यांत पुढे. मघाच्या सायकली काकांनी कशाबशा कडेने काढल्या होत्या, पण आता रांग त्यांना आवरेना; झेंडा हलवत होते, हातवारे करत होते. लोकांना वाटत होतं, नव्या पट्ट्याचं उद्घाटन आहे. एकाने तर काकांना नमस्कार केला. आम्ही रांगेच्या शेवटापर्यंत पोचलो, मी उडी मारून उतरले, "ठमे!" म्हणून हाक मारली आणि सिग्नल हिरवा झाला.

ती निघाली. डोळे रेघेवर. रेघ तिरपी गेली, ती तिरपी गेली. तिच्यामागे सगळी रांग. गाड्यांचा रस्ता सरळ होता, ही माणसं आडवी निघाली होती. आणि पलीकडच्या रस्त्याने एक भरलेली बस वळून चौकात शिरत होती, थेट त्या रेघेवर. मला पुढे पाऊल टाकता येईना. हे माझा दंड धरून उभे होते, इतका घट्ट की नंतर तिथे काळंनिळं झालं.

बस थांबली.

तिच्यामागचा ट्रक थांबला. ट्रकशेजारची मोटार थांबली. मग दुसऱ्या रस्त्यावरचे थांबले, मग तिसऱ्या. हे काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. त्या चौकात अशी रेघ कधी कुणी पाहिली नव्हती, तिचा नियम कुणाला माहीत नव्हता, आणि म्हणून पाचही रस्त्यांवरची माणसं, माझ्या रेघांवर वर्षानुवर्षं गाड्या घालणारी तीच माणसं, हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बघत राहिली. कुणी भोंगा वाजवला नाही. त्या चौकात मला सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू आला. बारीक, टिकटिक करत जाणारा. किती सायकली, आणि प्रत्येकीचा वेगळा.  एवढे मोठे लोखंडाचे डोंगर, आणि मधून ही उघडी, हलकी माणसं चाललेली, माझी पोर सगळ्यांत पुढे, पाठ ताठ, मान सरळ. मला ती माझी वाटेना. कुणीतरी फार मोठं माणूस चाललंय आणि आपण कडेला उभं राहून बघायचं असतं, तसं वाटलं.

रांग पलीकडे गेली. मग चौक भानावर आला आणि सगळ्यांनी एकदम भोंगे वाजवायला सुरुवात केली.

मी आधी बसकडे गेले. खिडकीशी उभी राहून चालकाला विचारलं, "दादा, तुम्ही थांबलात कसे?"

तो माझ्यावरच चिडला. "थांबू नको तर काय करू? रेघ दिसली आडवी. कसली ते कळेना. कळत नसलं की थांबावं माणसाने. तुम्हीच मारली का ही? एक पाटी तरी लावायची."

ठमी पलीकडे सायकल धरून उभी होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "आई! बघितलंस ना? सगळे थांबले! किती बरोबर आखलास गं पट्टा."

गप्प बसणं फार सोपं होतं. माझ्या लेकीने माझ्या कामाचं असं कौतुक जन्मात कधी केलं नव्हतं. पण मला परत ती बस दिसली.

"ती रेघ मी नाही आखली," मी म्हटलं. "तुझ्या बाबांचा डबा गळला."

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. तिने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली. मग तिने वळून चौकाकडे बघितलं, तिरप्या रेघेकडे, आता तिच्यावरून धडाधड जाणाऱ्या गाड्यांकडे, आणि तिचा हात हँडलवर घट्ट झाला.

"मग बस का थांबली?"

"देवाला ठाऊक."

तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "मला उशीर होतोय." पुढची गल्ली शांत होती. मी जा म्हटलं. ती सायकलवर बसली नाही, हातात धरून चालत गेली. ते मला फार लागलं.

साहेब आले तेव्हा टपरीवाल्यासकट दहाबारा लोक त्यांच्याभोवती जमले होते. रेघ राहू द्या, सगळे थांबतात, असं म्हणत होते. साहेबांनाही मोह झाला. "बाई, काय हरकत आहे? नकाशात तिरपं नाही, पण चाललंय की छान."

"आज नवीन आहे म्हणून थांबले, साहेब," मी म्हटलं. "उद्या सरावतील. परवा वाळू टाकायला लागेल."

ह्यांनी काळा रंग आणला. ती तिरपी रेघ मी माझ्या हाताने झाकली. इतकं सुंदर काही मी आयुष्यात कधी झाकलं नव्हतं. टपरीपाशी जाऊन तिथलं वळण ह्यांनी झाकलं, आणि टपरीवाल्याने ह्यांना चहा दिला नाही.

मग खरं काम. चार हवालदार आले, रस्ते आळीपाळीने बंद केले. काकांनी सूत धरलं, मी खडूची दोरी टणकन सोडली. पट्टा चौकाच्या कडेकडेने, दोन सरळ तुकड्यांत, वळणारी गाडी सायकलवाल्याला समोरून दिसेल असा. गाड्यांनी थांबायची रेघ पट्ट्याच्या पुष्कळ मागे घेतली. हे सगळं नकाशात आधीपासून होतं, मी असे नकाशे कितीतरी उतरवले होते, रेडिओ ऐकत. त्या दिवशी रेडिओ लावला नाही. एका ठिकाणी सूत वीतभर हललं होतं. एरवी मी म्हणाले असते, चालतंय. मी पुसायला लावलं आणि परत मारलं. काकांची सून म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला?" मी हात गुडघ्यावर टेकवला आणि पुढची रेघ ओढली.

मणी घालून झाले तेव्हा ऊन कललं होतं. सगळ्या पट्ट्यावर बारीक चमक आली होती.

ठमी आली तेव्हा चौक पुन्हा तुडुंब भरलेला. ती गल्लीतून सायकल हातात धरूनच आली होती. नव्या पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहिली. माझ्या साच्यातली सायकल तिथे ताजी, पांढरी. तिने एकदा पट्टा जाईल तिथपर्यंत नजर नेली, परत आणली. मी दोन पावलांवर उभी होते. कपड्यांना रंग, केसांना रंग. 

"आई," ती म्हणाली, "ही तुझी ना?"

"हो," मी म्हटलं. "ही माझी."

तिने पाय पॅडलवर ठेवला आणि निघाली. भरलेली बस वळणावर आली, वेगात आली, आणि माझ्या रेघेशी थांबली. पोरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.